अधिवेशनाला संभाजीनगरला येताय? मग मराठवाडा नीट बघून जा

खाम_काठ

मंडळी, नमस्कार.

आपल्या स्थापत्य अभियंत्यांचं राज्य अधिवेशन येत्या जानेवारीत आमच्या संभाजीनगरला भरतंय. यजमान समितीत स्थळदर्शनाचं काम माझ्याकडे आलंय. कार्यक्रमाचा कच्चा मसुदा बघितला तर शुक्र-शनि-रवि व्याख्यानं, आणि रविवारी जेवण झाल्यावर 'वेरूळ दर्शन, चार तास'. बस्स. जाण्यायेण्यातच दीड तास मोडतो. उरलेल्या अडीच तासांत चौतीस लेणी!

मी इथेच वाढलो, इथेच शिकलो, पंचवीस वर्षं इथेच बांधकामं करतोय. बाहेरून आलेला माणूस मकबरा बघतो, कैलासापुढे फोटो काढतो आणि निघताना म्हणतो, "तुमच्याकडे पाण्याचे फार हाल ना?" हाल आहेत, नाही कशाला म्हणू. पण पाऊस इतका बेभरवशाचा असलेल्या या मुलखात माणसांनी पाणी कसं आणलं, कसं साठवलं आणि दगडाशी कसं वागले, हे आपल्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून विनंती आहे, अधिवेशनाला जोडून दोन दिवसांची रजा टाका. सहलीचा आराखडा आपण इथेच मिळून ठरवू.

सुरुवात गावातूनच करतो. पाणचक्की बहुतेक जण दहा मिनिटांत उरकतात. हौदाकाठी फोटो, वडाच्या झाडाखाली चहा, झालं. तसं करू नका. आत गेलात की ज्या उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतं तिच्याकडे बघत थोडा वेळ उभे राहा. हे पाणी काही किलोमीटरवरच्या डोंगरातून जमिनीखालून खापरी नळांनी येतं. पंप नाही, मोट नाही. उद्भव उंचावर आहे, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ते इथे त्या भिंतीच्या माथ्यापर्यंत चढतं. तिथून पडलं की त्याच पाण्याने पात्यांचं चाक फिरायचं आणि जातं चालायचं. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथे पीठ दळलं जाई. त्याच्याही आधी मलिक अंबरने हे शहर १६१० मध्ये खडकी नावाने वसवलं आणि त्यासाठी नहर खोदून आणली. नहरींच्या वाटेवर मधूनमधून उंच मनोरे बांधलेले दिसतात. नळात कोंडलेली हवा निघून जावी आणि दाब आवरावा, म्हणून. आज आपण पाइपलाइनवर एअर व्हॉल्व्ह बसवतो, तेच काम. शाळेतून येताजाता त्यातला एक मनोरा मला रोज दिसायचा आणि तो कशाला आहे हे कुणीच सांगायचं नाही. मला ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलिक्स शिकताना उमगलं. त्या दिवशी सायकल काढून मी पुन्हा त्याच्यापाशी गेलो होतो.

बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालाची नक्कल, एवढंच सगळे सांगतात. पण त्याच्या बांधकामाशी वास्तुकार म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपत राय अशी दोन नावं जोडलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इमारतीबरोबर तिच्या अभियंत्याचं नाव टिकून राहावं, असं किती वेळा घडतं? आपल्यातल्या प्रत्येकाने त्या दारात दोन मिनिटं थांबावं.

आणि वेरूळ. कैलास (लेणं क्रमांक १६) खालून तर बघालच, पण बाजूच्या पायवाटेने वर डोंगरावर चढा आणि काठावरून खाली बघा. आधी तीन बाजूंनी चर खोदून मधला ठोकळा मोकळा केला आणि मग तो शिखराकडून पायाकडे कोरत आणला, हे वरूनच कळतं. खोदलेली जागा सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद, मागचा कडा तीस मीटरच्या वर. मंडपाच्या छतावर एक भलं मोठं कमळ कोरलंय आणि त्यावर चार सिंह. खाली अंगणात फिरणाऱ्याला ते दिसतच नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं हे काम आहे. आपण पाया घालतो आणि वर जातो. त्यांनी कळसाची जागा आधी ठरवली आणि पाया शेवटी गाठला. चुकीला भराव घालायची सोय नाही.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो, कारण आमचे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी एका बैठकीनंतर आम्ही ज्या टूरवाल्याला काम दिलं, त्याने कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या पाहुण्यांना मंगळवारी वेरूळच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. ती माणसं वेरूळ न बघता परत गेली याची मला अजून रुखरुख आहे.

तुमच्या भागातलं काय दाखवावं ते लिहा. बीड, परभणी, लातूर, धाराशिव, नांदेडकरांनी जरूर लिहा.

---

सह्यपायथा

छान धागा. पण मनातली शंका मोकळेपणाने विचारतो. मी पुण्याचा. मराठवाडा मला माहीत आहे तो वडिलांच्या बोलण्यातून. ते तरुणपणी तिकडे नोकरीला होते. त्यांच्या गोष्टींत फक्त ऊन, धूळ आणि टँकर. निसर्ग म्हणून जानेवारीत बघण्यासारखं काय असतं तिथे? बायको-मुलांना घेऊन यायचंय, म्हणून विचारतोय. मुलांना दगड किती दाखवणार?

---

शाळू

@सह्यपायथा, तुमच्या वडिलांनी मे महिना सांगितला असेल. जानेवारी आम्ही सांगतो.

त्या दिवसांत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटऱ्यातून बाहेर येऊन दाण्यात असतो. काळी जमीन, तिच्यावर डोक्याएवढी हिरवी ज्वारी, मधेच करडईचे पिवळे-केशरी पट्टे, बांधावर बोरी. सकाळी सात वाजता शेतात गेलात तर पाचटावरच्या दवाने पँट गुडघ्यापर्यंत भिजते. मुलांना हुरडा खायला घाला. जमिनीत छोटा खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, आणि भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम हिरवे दाणे तळहातावर घ्यायचे. हात पोळतो, पण कुणी थांबत नाही. सोबत लसणाची किंवा तिळाची चटणी, दही, गूळ. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा मिळाला तर दुसरं काही मागू नका. तासाभराने पोरं घरी चला म्हणाली तर मला सांगा.

जेवणात येसराची आमटी, बाजरीची भाकरी, सकाळी धपाटे-दही किंवा सुशिला. खाम_काठ, समितीला सांगा की अधिवेशनाच्या जेवणावळीत पनीर थोडं कमी करून हे ठेवा.

---

खाम_काठ

शाळू, जेवणाचं टिपून घेतलंय. एक दिवस तरी येसराची आमटी ठेवायचीच.

सह्यपायथा, निसर्गाचं म्हणाल तर नाथसागर आहे, पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. थंडीत तिथे परदेशी बदकं येतात, रोहित (फ्लेमिंगो) येतात. पहाटे काठावर उभं राहिलं की समोरचा किनारा दिसत नाही. गौताळ्याचं जंगल आहे, म्हैसमाळ आहे. झाडी विरळ असते हे खरं, पण अजिंठ्याची डोंगररांग जानेवारीत उघडी पडली की लाव्हाचे थर एकावर एक रचलेले मोजता येतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते प्रवाह आहेत.

---

ओळंबा

मी निवृत्त आहे, वय ७४. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

अजिंठ्याला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. पद्मपाणीचं चित्र बघा, सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध बघा. पण तुम्ही बांधकामवाले असाल तर अर्धवट सोडलेल्या लेण्यांत जास्त वेळ काढा. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराने आपल्या सगळ्या खुणा पुसून टाकलेल्या असतात. चोविसाव्या लेण्यात त्या तशाच आहेत. नुसते ओबडधोबड खांब, मधे न काढलेला खडक, भिंतीवर छिन्नीचे घाव. आधी छताची पातळी साधायची, मग खाली उतरत यायचं, हा क्रम तिथे वाचता येतो. चौथं लेणं हे तिथलं सर्वांत मोठं विहार. त्याच्या छताचा भाग खडकातल्या दोषामुळे काम चालू असतानाच कोसळला होता आणि छत अधिक वर नेऊन काम पुढे चालू ठेवलं. साइटवर असा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकावर एकदा तरी आलेला आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसावरही आला आणि तो काम सोडून गेला नाही, हे बघून मला फार बळ मिळालं होतं. तेव्हा मी तिशीत होतो आणि माझ्या एका पुलाच्या पायात अडचण आलेली होती.

दुसरं, पितळखोरा. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या कुशीत. इसवी सनापूर्वीची लेणी, पर्यटक जवळजवळ नाहीत. दरीत उतरून जावं लागतं. दगड ठिसूळ, पुष्कळ ढासळलंय. तिथे पायऱ्यांच्या बाजूला पंचफणी नाग कोरलेला आहे आणि वरच्या बाजूने खडकात कोरलेल्या नळीतून आलेलं पाणी त्याच्या फण्यांतून पडावं अशी योजना केलेली आहे. ज्याच्या हाती सांडपाणी-पावसाच्या पाण्याचं डिझाइन आहे त्याने ते बघून यावं. तिथेच सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं, कान्हदास, धंद्याने सोनार.

गुडघे चांगले असतील तरच पितळखोऱ्याला जा. अजिंठ्यात डोली मिळते, तिथे नाही.

---

माळवद

+१. वाचनखूण साठवली.

---

बारववेडा

परभणीकर हजर!

खाम_काठ दादा, तुम्ही नहरींवर लिहिलंत, मी बारवांवर लिहितो. आमच्या जिल्ह्यात इतक्या बारवा आहेत की गावात शिरून "जुनी विहीर कुठाय?" विचारलं की कुणीतरी बोट दाखवतंच. चारठाणा (जिंतूर तालुका) यादवकालीन मंदिरांसाठी लोकांना माहीत आहे, तिथेही बारव आहे. पण मला दाखवायची आहे ती सेलू तालुक्यातल्या वालूरची. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, शंखासारख्या. अनेक वर्षं ती गाळाने आणि कचऱ्याने बुजलेली होती. गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली.

बारवेचं बांधकाम जवळून बघा. दगड घडीव आहेत, एकमेकांत बसवलेले, मधे चुना नाही. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं की हा जुन्या लोकांचा काटकसरीपणा असेल. मग एका पावसाळ्यात भर पावसात बारवेत उतरलो. भिंतीच्या सांध्यासांध्यातून पाणी पाझरत होतं, नुसतं घामासारखं. तेव्हा लक्षात आलं, मागच्या जमिनीतलं पाणी आत येऊ द्यायचं आहे म्हणून सांधे मोकळे ठेवलेत. आणि पाणी येऊन गेलं की भिंतीमागे दाब साठत नाही, भिंत फुगत नाही. आपण रिटेनिंग वॉलला वीप होल (पाणी निघून जायची भोकं) ठेवतो आणि निम्मी बुजलेली निघतात. इथे अख्खी भिंतच वीप होल!

पायऱ्यांचंही तसंच. पाणी भरलेलं असताना वरच्या पायरीवर कळशी बुडते, उन्हाळ्यात खालच्या. बाईमाणसाला वाकून दोर ओढायची गरज नाही. कोनाड्यांत देव. पाण्याशी घाण करायची नाही, ही सूचना अशी दगडात लिहून ठेवलेली.

परभणी मार्गावर एक बस निघणार असेल तर मी स्वतः सोबत येतो.

---

गोदाकाठी

पैठणचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. एकनाथ महाराज इथलेच. पैठणी विणताना बघायची असेल तर मागावर बसलेल्या बाईपाशी जाऊन उलट्या बाजूने पदर बघा. सुलट आणि उलट बाजूत फरक सापडत नाही. एक मोर विणायला किती वेळ लागतो हे तिलाच विचारा, आणि मग किमतीची घासाघीस करू नका.

जायकवाडीचा पायाभरणी समारंभ १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाला आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, बहुतेक मातीची, सत्तावीस दरवाजे. पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजघर आहे. त्याचं यंत्र दोन्ही दिशांना चालतं. वीज करतं आणि गरज पडली तर पाणी पुन्हा वर चढवतं.

माझ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. आजोळची जमीन गोदावरीकाठची काळी, आई म्हणते पाभर घातली की उगवायचंच. ती अजूनही नाथसागराकडे बघताना हाताने दिशा दाखवते, इथे वाडा, इथे मारुती, इथे आमची विहीर. समोर नुसतं पाणी असतं. त्याच पाण्यावर आज संभाजीनगर आणि जालना जगतंय, आमच्याही घरी नळाला तेच येतं. अधिवेशनाची बस धरणावर नेणार असाल तर दरवाजांचं गणित जरूर सांगा, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांचंही सांगा.

---

खाम_काठ

ताई, सांगतो. बसमध्ये हे सांगायला तुम्हीच आलात तर फार बरं होईल.

---

नळदुर्गकर

सगळे उत्तरेचंच लिहिताय. दक्षिण मराठवाड्याला कुणी वाली आहे का?

नळदुर्गचा किल्ला. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते आणि तिच्यावर आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमच्या काळात, दगडी बंधारा बांधला. आजूबाजूला बंधारे पुष्कळ असतात. याचं वेगळेपण म्हणजे बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात महाल आहे. पाणीमहाल. नदीला पूर आला की बंधाऱ्याच्या माथ्यावरून दोन ठिकाणांहून पाणी कोसळतं, एक नर आणि एक मादी. आणि त्या दोन धबधब्यांच्या मधे, भिंतीच्या आत, माणूस कोरडा उभा राहून समोर पाणी पडताना बघू शकतो. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते बघितलंय. भिंत थरथरते आहे असं हाताला जाणवत होतं, आवाजामुळे वडील काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, पण अंगावर एक थेंब नव्हता.

जानेवारीत धबधबा नसतो हे आधीच सांगतो. माझं तर म्हणणं आहे की अधिवेशन ऑगस्ट-सप्टेंबरला घ्यायला हवं होतं. तेव्हा नर-मादी वाहतात, पाटोद्याजवळचा सौताड्याचा धबधबा वाहतो, वेरूळला एकोणतिसाव्या लेण्यापाशी वरून धार पडते, अजिंठ्याची वाघोरा भरलेली असते. हिरवागार मराठवाडा लोकांनी बघितलेलाच नाही.

---

ओळंबा

नळदुर्गकर, तुमचं पटतंय, पण ऑगस्टमध्ये साइटवरचा माणूस मोकळा नसतो आणि पावसाचीही खात्री नाही. २०१५ चा पावसाळा आठवा. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि बांधकाम समजून घ्यायचं असेल तर कोरडा बंधाराच बरा. सांडव्याची घडण, दगडांचे सांधे, महालाकडे उतरणाऱ्या पायऱ्या हे पुरात दिसत नाही. एकदा जानेवारीत अभ्यासाला या, एकदा पावसाळ्यात डोळे भरून बघायला या.

---

लातूरची_लेक

दोन दिवस लिहू की नको करत होते. पर्यटनाच्या धाग्यावर हे लिहावं का, असं वाटत होतं. पण हा अभियंत्यांचा धागा आहे, म्हणून लिहिते.

दक्षिणेकडे बस नेणार असाल तर किल्लारीला न्या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपलेली होती. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून थोडं लांब, म्हणून आम्ही वाचलो. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमचं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर हातभर मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी आजोबा त्यावर पांढरी माती टाकायचे, म्हणजे गळत नाही. वर्षानुवर्षं माती चढत गेली, वजन वाढत गेलं. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा कुठे नव्हता.

त्या पहाटे आमच्या पडवीची भिंत उकलली. पडली नाही, उकलली. बाहेरचा पदर बाहेर गेला, आतला पदर आत आला आणि मधून मातीचा भुसभुशीत गाभा खाली घसरला. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही. पुढे कॉलेजात शिकताना समजलं की ती एक भिंत नव्हतीच. दोन पातळ भिंती होत्या आणि मधे भराव. दोघींना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा एकही दगड कुणी टाकलेला नव्हता. आमचे लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, म्हणून डोक्यावरचं छप्पर खाली आलं नाही. जिथे छत थेट भिंतीवर टेकलेलं होतं तिथली माणसं मातीखाली गेली. हजारो गेली.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये आयएस १८९३ हे भूकंपरोधक डिझाइनचं मानक सुधारलं, पहिला झोन काढूनच टाकला आणि आमचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला. आज तुम्ही मराठवाड्यात इमारतीचं डिझाइन करता तेव्हा जो झोन टाकता, त्याच्या मागे ही गावं आहेत.

तिथे स्मृतिस्थळ आहे, नव्याने वसवलेली गावं आहेत, रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. आणि काही गावांत दुरुस्त करून मजबूत केलेली जुनी घरंही सापडतात. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरलेलं, वर काँक्रीटचा पट्टा. आमचं घर तसंच आहे. पडवीच्या भिंतीवर ओळीने सिमेंटचे गोल ठिपके दिसतात. आई अजून तिथेच राहते. कुणाला बघायचं असेल तर मी दाखवीन.

---

माळवद

ताई, मी मंचावर हे नाव घेतलं ते आमच्या बीडच्या घरावरून. तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. बस किल्लारीला गेलीच पाहिजे.

---

खाम_काठ

लातूरची_लेक, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. समितीपुढे हा मुद्दा मी स्वतः मांडतो. तुमच्या आईंना त्रास होणार नसेल तरच घर बघू, आणि एका वेळी पाच-सहा जणच आत येतील.

@माळवद, बीडचे आहात तर खजाना विहिरीबद्दल लिहा की.

---

माळवद

लिहितो. शहराबाहेर धाराशिवच्या रस्त्याला, अहमदनगरच्या निजामशाहीत बांधलेली. मोठी गोल विहीर, आत उतरायला पायऱ्या, पाण्याच्या वर चारी बाजूंनी ओवरी. खरी करामत जमिनीखाली आहे. भूमिगत बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडून नुसत्या उताराने खालच्या शेतापर्यंत जातं. विजेची मोटर नको, बैल नको. गावात टँकर चालू असतानाही हिच्यात पाणी बघितलंय मी. ओवरीत बसलं की उन्हाळ्यात अंगाला गार वारा लागतो. गावातलं कंकालेश्वरही बघा, मंदिर पाण्याच्या मधोमध उभं आहे.

---

नळदुर्गकर

मग दक्षिणेचा मार्ग ठरलाच म्हणा. वाटेत तेर घ्या. जुनं तगर. रोमशी व्यापार चालायचा इथून. इथल्या उत्खननात मिळालेल्या विटा पाण्यावर तरंगतात. वीट हातात घेतली की कळतं, आत बारीक छिद्रं आहेत. आपण आज हलक्या ब्लॉकचं कौतुक करतो. तिथलं त्रिविक्रम मंदिरही विटांचं आहे, मागून अर्धगोल, चैत्यगृहासारखं. गोरोबाकाकांचं गाव, समाधीला हात जोडा.

---

नांदेडकर

आमच्याकडे यायला दोन दिवस पुरणार नाहीत, त्यामुळे आग्रह करत नाही. पण ज्यांना देवगिरी एक्स्प्रेसने पुढे हैदराबादकडे जायचंय त्यांनी नांदेडला एक रात्र उतरा. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला. पहाटे हजूर साहिबचा कीर्तनाचा आवाज ऐका, लंगरमध्ये जेवा. वेळ असेल तर कंधारचा किल्ला.

---

खाम_काठ

तर मंडळी, आत्तापर्यंतचं जुळवून समितीकडे असं पाठवतोय. काही चुकत असेल तर सांगा.

उत्तरेची बस: सोमवारी दौलताबाद आणि वेरूळ (सोमवारी अजिंठा बंद), मंगळवारी पैठण आणि जायकवाडी किंवा अजिंठा, ज्याची त्याची निवड. दौलताबादला सकाळी साडेसातला पोचायचंच. ऊन चढल्यावर त्या पायऱ्या कुणाच्याच होत नाहीत. तिथे वर जायची घाई नको. खालून बघा, अख्ख्या टेकडीचा उतार तासून उभा कडा केलाय आणि त्याच्याभोवती खडकातच खंदक. देवगिरीच्या यादवांच्या राजधानीत शिरायला एकच अरुंद वाट, आणि तीही पुढे अंधारी म्हणतात त्या काळोख्या भुयारातून. पाण्यासाठी हत्ती हौद आहेच.

दक्षिणेची बस: सोमवारी बीडची खजाना विहीर आणि पुढे तुळजापूरला मुक्काम, मंगळवारी सकाळी नळदुर्ग, मग किल्लारी, परतीला तेर, आणि धाराशिवहून रात्रीच्या गाडीने पुणे-मुंबई. संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात, म्हणून तेर मंगळवारीच ठेवलंय. दिवस लांब होईल, पण होईल.

परभणीच्या बारवांसाठी वीस जण झाले तर छोटी गाडी. बारववेडा, नावं तुमच्याकडे द्यायला सांगतो.

दुकानांत थांबे नाहीत. हिमरू, पैठणी घ्यायची त्यांनी संध्याकाळी आपापलं जावं.

---

बारववेडा

चालेल. वालूरला बारवेच्या आतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, बुटाचा तळवा चांगला हवा एवढं कळवा सगळ्यांना.

---

सह्यपायथा

मी चार दिवसांपूर्वी शंका विचारून गेलो होतो. काल रात्री हा सगळा धागा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. गोदाकाठी ताईंचा प्रतिसाद ऐकल्यावर ते म्हणाले, पुन्हा वाच.

मला इतकी वर्षं एवढंच माहीत होतं की ते तिकडे नोकरीला होते. काल त्यांनी सांगितलं की १९७१ ते ७४ ते जायकवाडीवर कनिष्ठ अभियंता होते, मातीच्या भरावाच्या कामावर. थर अंथरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, नमुना काढून घनता तपासायची आणि मगच पुढचा थर. तीन वर्षं रोज तेच. एकदा नमुना बसला नाही म्हणून पूर्ण केलेला थर त्यांनी उकरायला लावला होता, त्यावरून मोठं भांडण झालं होतं. आणि काठावरच्या गावांतली माणसं संध्याकाळी येऊन विचारायची, साहेब, पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येईल का? त्याचं उत्तर देता यायचं नाही म्हणाले. धरण भरलेलं त्यांनी कधी बघितलंच नाही, त्याआधीच बदली झाली.

ते आता ७८ वर्षांचे आहेत. काठी घेऊन चालतात. त्यांना उत्तरेच्या बसमध्ये आणता येईल का? बायको-मुलं हुरड्याला जातील, मी त्यांच्यासोबत राहीन.

---

खाम_काठ

काकांना नक्की आणा. धरणाच्या भिंतीवर जायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. तिचा अर्ज मी याच आठवड्यात देतोय, काकांचं नाव त्यात वेगळं लिहितो. भिंतीवर चालावं लागणार नाही अशी गाडीची सोय बघतो. बसमध्ये दाराजवळची पहिली सीट त्यांची.

---

गोदाकाठी

सह्यपायथा, मंगळवारी मी आईला घेऊन पैठणला येते. त्यांना सांगा, आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं. आईला त्यांना भेटायचंय.